मणियारकाकांचा हात

मणियारकाकांचा हात माझ्या हातापेक्षा लहान होता. हे मी अंदाजाने सांगत नाही. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी माझा तळवा आपल्या तळव्याला लावून पाहिला होता आणि म्हणाले होते, "अर्धं पेर लांब आहेत तुझी बोटं. नांगर धरायला ठीक. इथे काय करायचं ते बघू."

मी खडकवासल्याच्या रस्त्यावरच्या एका गावातला. ते गाव आता शहरात गेलं, तेव्हा आमच्याकडे भाजीपाला निघायचा. नर्सिंगचा कोर्स करून पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात हृदयविकाराच्या विभागात लागलो. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, कारण जे झालं ते हॉस्पिटलने केलेलं नव्हतं. सगळ्या सिस्टरांमध्ये मी एकटा ब्रदर.

पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा अँजिओग्राफी जांघेतून करत. जांघेतल्या मोठ्या रक्तवाहिनीत सुई घालायची, तिथून नळी वर हृदयापर्यंत न्यायची, फोटो काढायचे. काम झालं की नळी बाहेर काढायची आणि त्या जागी हाताने दाबून धरायचं, पंधरा-वीस मिनिटं, रक्त थांबेपर्यंत. मग पट्टी, वर चार तास वाळूची पिशवी, आणि एकूण सहा तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं. हृदयाचं काम डॉक्टरांचं. भोकाचं काम मणियारकाकांचं.

हुद्द्याने ते टेक्निशियन होते. पन्नाशीचे, सडपातळ, दाढी बारीक कातरलेली, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. घराण्याचा धंदा बांगड्यांचा. कसबा पेठेत वडिलांचं हातभर दुकान होतं, ते पुढे थोरल्या भावाकडे गेलं. काचेची बांगडी चढवताना अंगठ्याच्या मुळाशी हात दाबून तो मऊ कसा करायचा, हे ते वडिलांच्या शेजारी बसून शिकले होते. "फुटली तर आपली चूक, रुतली तरी आपली चूक," ते सांगत. "बाईची चूक कधीच नसते, असं आमच्या वडिलांच्या दुकानात होतं."

हॉस्पिटलात तोच नियम त्यांनी पेशंटला लावला होता. पेशंट हलला, खोकला, शिव्या घातल्या, तरी चूक आपली.

त्यांची पद्धत अशी. उजव्या हाताची तीन बोटं, कातडीवरच्या भोकापासून बोटभर वर. "सुई तिरकी जाते," ते नव्या मुलींना सांगत. "कातडीचं भोक इथे, वाहिनीचं भोक तिथे. तुम्ही जे दिसतं त्याच्यावर दाबता. वरून कोरडं, आणि आतल्या आत मांडी भरत जाते." दाब किती द्यायचा याचंही माप होतं. रक्त बाहेर येऊ नये इतका. पण पायाला जाणारं रक्त अडेल इतका नाही. पावलाच्या वरच्या बाजूला एक नाडी लागते. अँजिओग्राफीच्या आधीच ते ती बोटाने शोधून बॉलपेनने तिथे फुली मारत. दाब देताना मला म्हणत, "फुलीवर बोट ठेव. लागते?"

"लागते."

"कशी?"

"बारीक."

"बारीकच हवी. बंद नको."

घड्याळाकडे ते कधी बघत नसत. दाब द्यायला सुरुवात केली की पेशंटला विचारायचे, "तुमच्या घरापासून इथपर्यंत चालत कसं यायचं? नीट सांगा हं, मला पत्ते सापडत नाहीत." पुण्याच्या माणसाला पत्ता विचारला की तो दुखणं विसरतो. समोरच्याला काही कळत नाही हे दाखवून द्यायची संधी असते ती. गल्ली, बोळ, पिंपळ, पिठाची गिरणी असं करत करत तो हॉस्पिटलच्या फाटकाशी येईपर्यंत वीस मिनिटं झालेली असत.

मला वाटायचं, हा नुसता वेळ घालवायचा प्रकार. एकदा एक निवृत्त हेडक्लार्क होते. पत्ता सांगताना मणियारकाकांना झापत होते. "चौकात उजवीकडे कशाला वळलात? कोणी सांगितलं उजवीकडे? सरळ या." आणि मग एकदम, "सरळ आलं की... ते हे लागतं. ते... काय ते..."

मणियारकाकांनी मान वर न करता सांगितलं, "सिस्टर, पाय वर घ्या. अॅट्रोपिन काढा." सिस्टरने यंत्राकडे पाहिलं, आकडे ठीक होते. अर्ध्या मिनिटात नाडी तीसवर आली. नाडी उचलणारी ती सुई तोवर टोचून झाली होती. गृहस्थ शुद्धीवर आले, कपाळावरचा घाम सिस्टरने पुसला, तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य, "उजवीकडे वळू नका."

"नाही वळत," मणियारकाका म्हणाले. नंतर मला म्हणाले, "माणूस स्वतःची गल्ली विसरला म्हणजे प्रेशर पडलं. यंत्राला ते मागाहून कळतं."

दाब द्यायला लोखंडी शिकंजाही आला होता. पलंगाला अडकवायचा आणि चक्र फिरवून आवळायचा. डॉक्टरांचा आग्रह होता. मणियारकाकांनी तो कपाटावर ठेवून दिला. एकदा सव्वाशे किलोचे एक बिल्डर आले, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेले. नळी काढली आणि मांडीत लिंबाएवढी गाठ आली, बघता बघता ती नारळाएवढी झाली. मणियारकाका स्टुलावर चढून दाबत राहिले. एक तास चाळीस मिनिटं. डॉक्टर म्हणाले, "मणियार, शिकंजा लावा, हात जाईल तुमचा." ते म्हणाले, "सर, त्याला 'बारीक' आणि 'बंद' यातला फरक कळत नाही." गाठ बसली. त्यानंतर त्यांना चहाचा कप धरता येईना, बोटं वळलेलीच राहिली. मी कप त्यांच्या तोंडाला लावला. एक घोट घेऊन म्हणाले, "साखर कमी आहे. बाकी तुझा हात स्थिर आहे, त्याबद्दल तक्रार नाही."

एवढीच काय ती स्तुती मला त्यांच्याकडून मिळाली.

माझ्या आईचीही अँजिओग्राफी तिथेच झाली. गावाकडची बाई, परका पुरुष जांघेला हात लावणार म्हटल्यावर तिने तोंड भिंतीकडे केलं. मणियारकाकांनी एका सिस्टरला शेजारी उभं केलं, चादरीखाली हात घातला आणि स्वतः पूर्ण वेळ छताकडे बघत राहिले. "आई, तुमच्या घरून इथे चालत कसं यायचं?"

"चालत कशाला? यष्टीनं येत्यात की."

"यष्टी बंद पडली तर?"

"तर घरी ऱ्हायाचं." मग जरा वेळाने भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "भाऊ, हात लय हलका हाय तुमचा. कळंना झालंय, हाय का न्हाई त्ये."

तेव्हापासून दर आठ-पंधरा दिवसांनी आई माझ्याबरोबर त्यांच्यासाठी भाजी पाठवायची. गवार, मेथी, वालाच्या शेंगा. ते पिशवी घेत, आत डोकावत आणि म्हणत, "आईंना सांग, मी अजून यष्टीची वाट बघतोय."

आता ते सांगतो. एवढं लांबवलं त्याचं कारण तुमच्या लक्षात आलंच असेल.

अँजिओग्राफीनंतर पेशंटला शेजारच्या खोलीत ठेवत आणि दर अर्ध्या तासाने बघत. नाडी, प्रेशर, पट्टी आणि पाय. पायाच्या रकान्यात पाय उबदार असेल, फुलीवर नाडी लागत असेल, तर अधिकचं चिन्ह करायचं. नसेल तर उणे. उणे मी कधी पाहिलंच नव्हतं. त्यामुळे आम्ही काहीजण पुढच्या दोन-तीन तासांची अधिकची चिन्हं आधीच करून ठेवायचो. याला कोणी खोटं म्हणत नसे. "चार्ट उरकला का?" असं विचारत.

मणियारकाकांनी मला एकदा पकडलं होतं. तीनची नोंद पावणेतीनला झालेली दिसली, तेव्हा त्यांनी माझ्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं, भिंतीवरचं पाहिलं. "पोकळे, तुझं घड्याळ पुढे आहे. लवकर म्हातारा होशील." वर कोणाला सांगितलं नाही. मी महिनाभर नीट वागलो.

आपटे नावाचे एक गृहस्थ होते. नारायण पेठेत राहत. पोस्टातून निवृत्त झालेले, वय बासष्ट. रोज पहाटे पर्वती चढायचा नेम. त्या पायऱ्यांवर छाती भरून यायला लागली म्हणून अँजिओग्राफी. ती निर्विघ्न झाली. मणियारकाकांनी नळी काढली आणि पत्ता विचारला.

"चालत कशाला?" आपटे म्हणाले. "सायकल नाही तुमच्याकडे?"

"पंक्चर आहे."

"मग आधी ते पंक्चर काढा. मग पत्ता विचारा."

"तेच काढतोय," मणियारकाका म्हणाले, आणि दोघंही हसले. रक्त अठरा मिनिटांत थांबलं. फुलीवर बोट माझं होतं. नाडी बारीक, पण लागत होती.

बाराला मी पाय पाहिला. साडेबाराला पाहिला. एकला पाहिला. पाय उबदार होता, नाडी होती. एकला ती नोंद केली आणि त्याच बैठकीत दीड ते चारच्या सहा चौकोनांत सहा अधिकची चिन्हं करून टाकली.

कारण काय, असं कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. खोलीत चार खाटा, त्यातल्या तीन रिकाम्या. मी दमलो नव्हतो, घरी काही अडचण नव्हती. जेवण झालं होतं, पंखा डोक्यावर होता, हातात वर्तमानपत्र होतं. खुर्चीपासून आपट्यांची खाट सात-आठ पावलं.

दोनच्या सुमारास आपटे म्हणाले, "अहो ब्रदर, हा पाय माझा वाटत नाहीये."

मी खुर्चीतूनच म्हणालो, "वाळूची पिशवी आहे ना काका, जड वाटणारच."

"जड नाही हो. वाटतच नाही."

"पडून पडून झोपतो पाय. सहा तास काढायचेत."

तीनच्या आसपास म्हणाले, "पोटरीत फार कळ येतेय."

"हलवलात का? हलवू नका."

"हलवलेला नाही." हे त्यांनी जरा रागाने म्हटलं. ते शिस्तीचे होते. सांगितलं तसे पडून राहिले. चारपर्यंत एकदाही कण्हले नाहीत, किंवा कण्हले असतील तर मी ऐकलं नाही.

चारला मणियारकाका आले. पिशवी उतरवायला ते स्वतः येत. एरवी खोलीत शिरले की आधी पायाकडे जात, फुलीवर बोट ठेवत, मग बाकीचं. त्या दिवशी पट्टीची कड ओली दिसली म्हणून आधी तिथे गेले आणि दहा मिनिटं परत दाब दिला. मग पायाकडे गेले. चादर बाजूला केली. फुलीवर बोट ठेवलं, जरासं सरकवलं, दुसऱ्या पायावर ठेवलं, परत पहिल्यावर. मी तोवर उठून उभा राहिलो होतो. पाय मेणासारखा दिसत होता.

"पोकळे, हा पाय कधीपासून असा आहे?"

चार्ट खाटेच्या पायथ्याशी लटकत होता. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे नाही. म्हणालो, "चारपर्यंत ठीक होता, काका. आत्ताच बघितला मी."

'आत्ताच' हा शब्द मी माझ्या मनाने घातला. त्याची गरजही नव्हती.

सर्जन दुसऱ्या हॉस्पिटलात होते. त्यांनी फोनवर एकच प्रश्न विचारला, कधीपासून? आमच्या डॉक्टरांनी चार्ट वाचून सांगितलं, चारनंतर. मग ते म्हणाले, आत्ता झालंय तर दोन तास औषध देऊन बघू. कधीकधी वाहिनी नुसती आकसलेली असते, सुटते आपोआप. अडीच-तीन तास झालेत असं कळलं असतं तर ते हातातलं काम दुसऱ्याला देऊन निघणार होते. हे त्यांनी स्वतः नंतर बोलून दाखवलं, माझ्यासमोर. ते सातला आले, ऑपरेशन आठला झालं. जांघेत रक्ताची गाठ अडकली होती, ती काढली. पण पोटरीचे स्नायू मेले होते. पाचव्या दिवशी आपट्यांचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापला.

आपट्यांच्या मुलाने तक्रार केली. चौकशीला लांब टेबलापलीकडे तिघेजण बसले. प्रश्न सोपा होता. चारपर्यंत पाय ठीक, सव्वाचारला बंद. मध्ये काय झालं? मध्ये मणियार यांनी दाब दिला.

"पाय फार गार होता," मणियारकाका म्हणाले. "दहा मिनिटांत इतका होत नाही, असं मला वाटतं."

"नोंद काय सांगते?"

"नोंद ठीक होता असं सांगते."

"मग?"

ते म्हणाले, "मग मला सांगता येणार नाही."

त्यानंतर मला विचारलं, नोंदी तुमच्या? मी हो म्हणालो. त्या-त्या वेळी केलेल्या? मी हो म्हणालो. आपटे काही म्हणाले होते का, हे कोणी विचारलं नाही. आणि आपट्यांना वेळेचं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, दुपारभर कळ येत होती, पण तो ब्रदर म्हणाला, तसं होतंच. लांब टेबलावरच्या लोकांना त्यात काही विशेष वाटलं नाही. सगळेच पेशंट दुपारभर कण्हतात.

मणियारकाकांना काढलं नाही. अँजिओग्राफीच्या लॅबमधून हलवून तळघरात जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं. बावीस वर्षं दाब देणारा माणूस कागद लावायला लागला. कँटीनमध्ये कोणीतरी म्हणालं, "यांचे हात जडच." 'यांचे' म्हणजे कोणाचे, ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं. मी भजी खात होतो, खात राहिलो.

आई भाजी देतच राहिली. मी ती पिशवी एसटी स्टँडवरच्या बाकावर ठेवून पुढे जायचो. "दिली का मणियारभाऊंला?" "दिली." "काय म्हणालं?" आणि मग मला त्यांचं काहीतरी बोलणं बनवून सांगावं लागायचं. तेही मला जमायला लागलं.

फायलींच्या खोलीत मला कधीतरी जावंच लागे. पूर्वी ते मला 'अरे पोकळे' म्हणायचे. आता म्हणत, "बोला, आपल्याला कोणती फाइल हवी?" चढून काढून देत. सही घेत. त्यात टोमणा नव्हता, किंवा मला तो ओळखू आला नाही.

एकदा मी तिथे असताना आपटे आले. कुबड्या घेऊन, बरोबर मुलगा. कृत्रिम पायासाठी जुने कागद हवे होते. मणियारकाका उठून उभे राहिले. आपट्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "ब्रदर, तुम्ही द्या काढून. यांच्या हातून नको."

मणियारकाकांनी कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि बाजूला सरकले. मी फाइल काढली. वरच चार्ट होता. सहा अधिक, एका मापाचे, एका शाईचे, एका रेषेत. कोणी नीट पाहिलं असतं तर दिसलं असतं. मी फाइल आपट्यांच्या मुलाला दिली. आपटे मला म्हणाले, "थँक यू. तुम्ही होता म्हणून."

त्याच्यावर मी काय म्हणालो ते आठवत नाही. काही म्हणालो असेन.

मणियारकाका चार वर्षांनी निवृत्त झाले. मी इन्चार्ज झालो. नव्या मुलींना शिकवताना मी सांगतो, कातडीचं भोक आणि वाहिनीचं भोक एका जागी नसतं. 'बारीक हवी, बंद नको' हेही सांगतो. कोणाचं वाक्य ते सांगत नाही. आपटे नऊ वर्षं जगले. पर्वतीच्या पायथ्याशी सकाळी बाकावर बसलेले असत, असं कळलं. मी त्या बाजूला जात नसे.

तीन वर्षांपूर्वी माझी स्वतःची अँजिओग्राफी झाली. आता ती मनगटातून करतात. नंतर एक नवी मुलगी दर अर्ध्या तासाने यायची, पट्टी बघायची, माझ्या बोटांची नखं दाबून रंग परत येतो का ते पाहायची, मग लिहायची. चौथ्यांदा आली तेव्हा मी म्हणालो, "अगं, ठीक आहे सगळं, लिहून टाक."

ती म्हणाली, "बघते ना सर. एक मिनिट तर लागतं."

घरी सोडल्यावर आठवड्याने मी कसबा पेठेत गेलो.

वरच्या मजल्यावर दोन खोल्या. मणियारकाका रस्त्याकडच्या खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. दाढी पूर्ण पांढरी. सून म्हणाली, "अब्बा, हॉस्पिटलवाले आये हैं." त्यांनी मला ओळखलं. "या पोकळे. बसा. आपली आई कशी आहे?" आई जाऊन सहा वर्षं झाली होती. तसं मी म्हणालो.

मी सांगायला सुरुवात केली. चहा यायच्या आत सांगून टाकायचं असं ठरवून आलो होतो. म्हणालो, आपट्यांचा पाय मी एकनंतर पाहिलाच नव्हता. सहाही नोंदी एकलाच केल्या होत्या.

मला वाटत होतं ते म्हणतील, मला माहीत होतं. सगळ्या वर्षांत मी तेच धरून चाललो होतो, की त्यांना माहीत आहे आणि ते मोठ्या मनाने गप्प आहेत. त्यात मला आधार होता.

ते म्हणाले, "आपटे तुला काही बोलले होते?"

"दोनला म्हणाले, पाय माझा वाटत नाही."

"दोनला."

"हो."

"मी यायच्या दोन तास आधी."

"हो."

त्यांनी उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. "मी आधी पायाला हात लावायला हवा होता," ते म्हणाले. "रोज लावायचो. त्या दिवशी ओलं दिसलं म्हणून आधी दाबलं. म्हणून मला कधी कळलंच नाही. पाय आधी गार होता की मी केला. मला वाटायचं, आधी गार असणार. पण नोंद ठीक म्हणत होती, आणि नोंद तुझी होती." त्यांनी हात पालथा केला. "माझी बायको शेवटी आजारी होती. हाताला सुई लावलेली असायची, ती निघाली की रक्त यायचं. सून दाबायची. मी नाही दाबलं."

सून चहा ठेवून गेली. कोणी घेतला नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी आतून नातवाची वही मागवली आणि फाउंटन पेन. मधलं एक कोरं पान काढलं. वर सावकाश तारीख घातली. तिच्याखाली लिहिलं, 'आपटे, उजवा पाय'. वही माझ्यापुढे सरकवली.

"आपण लिहून द्या," ते म्हणाले. "जसं झालं तसं. मी कोणाला दाखवणार नाही. आपटे नाहीत, कोण बघणार आहे. माझ्याजवळ असू दे."

माझ्या पेन्शनला तीन वर्षं होती. ते माझ्या मनात आलं, खोटं कशाला सांगू. कागद म्हणजे कागद. मी म्हणालो, "चष्मा घरी राहिला, काका. दोन दिवसांत नीट लिहून आणतो."

चष्मा माझ्या शर्टाच्या खिशात होता. त्याची काडी बाहेर आलेली होती. ते त्या खिशाकडे बघत होते.

"असं का," ते म्हणाले. "बरं."

दोन दिवसांनी मी गेलो नाही. पाच महिन्यांनी ते गेल्याचं कळलं, तेव्हाही गेलो नाही. या महिन्यात मी निवृत्त झालो. ते पान आता लिहितो आहे: आपटे यांचा उजवा पाय मी दुपारी एकनंतर पाहिला नाही. दीड ते चारच्या सहा नोंदी खोट्या आहेत, त्या मी केल्या. त्यांनी दोनला आणि तीनला मला सांगितलं, मी उठलो नाही. मणियार चारला आले त्याच्या आधी दोन तास तो पाय बधिर झालेला होता. त्यांच्या दाबाने काही झालेलं नाही.

चष्म्याचं सांगितलं त्या दिवशी जिना उतरून मी रस्त्यावर आलो आणि वर पाहिलं. मणियारकाका खिडकीतच होते. त्यांनी वही उचलून खिडकीच्या कठड्यावर उभी टेकवली होती आणि पान माझ्या बाजूला, सुलट, तसंच उघडं धरून ठेवलं होतं. दुसऱ्या हातात पेन होतं. टोपण लावलेलं नव्हतं.